साखळी तेवढी राहिली

सकाळी पावणेनऊ. मी नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो आणि मामाचा फोन. "काळू गेला रे. साखळी तेवढी ऱ्हायलीय."

चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. आजूबाजूला सगळा ऊस. काळू तिथे दोन वर्षं होता. तो रस्त्यावर ट्रकखाली येऊ नये म्हणून साखळी मीच आणली होती, चांगली जाड. रात्री बिबट्या आला तेव्हा त्याला पळता आलं नाही. मी शनिवारी बिस्किटं घेऊन जायचो, फोटो काढायचो. सोमवार ते शुक्रवार तो कसा राहतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नंतर वाचलं, की विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. उसाच्या पट्ट्यात उघड्यावर बांधलेला कुत्रा म्हणजे राखण नव्हे, वाढून ठेवलेलं ताट. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. इंजिनिअरला नव्हतं.

दिवाळीनंतर धनगरांचा वाडा आमच्या रानात उतरला. दरवर्षी ते पूर्वेकडच्या कोरड्या भागातून कोकणाच्या दिशेने निघतात. चार रात्री मेंढ्या बसवायच्या, आपल्याला लेंडीखत, त्यांना धान्य किंवा पैसे. सोबत तीन घोड्या आणि पाच कुत्रे. घोड्यांच्या पाठीवर अख्खा संसार: भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू. बुटक्या, काटक घोड्या. भीमथडी म्हणतात ती हीच जात; कर्नालच्या राष्ट्रीय पशू संस्थेने तिची अधिकृत नोंद अगदी अलीकडे केली.

खरं सांगतो, मला तेव्हा घोडी घ्यायची होती. ऑफिसातल्या एकाने मावळात फार्महाऊसवर घोडा ठेवला होता आणि त्याचे रील बघून मी पार वेडा झालो होतो. संध्याकाळी वाड्यातल्या म्हाताऱ्या बाबांजवळ जाऊन बसलो. विचारलं, "बाबा, घोडी पाळायची तर काय काय लागतं?"

ते तंबाखू मळत म्हणाले, "दादा, रोज सकाळी तिला पानी कोन दावनार?"

मी म्हटलं, गडी ठेवू.

"गड्याची घोडी व्हईल मग ती. तुमची न्हाई."

मग दोन दिवस मी फक्त बघत राहिलो आणि विचारत राहिलो. घोडीला एकदम पोटभर घालायचं नाही. तिचं पोट लहान, तिला दिवसभर थोडं थोडं चरायला हवं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे खाल्लेलं बाधलं तर ते आतच राहतं आणि पोटशूळ उठतो. ती लोळायला लागली, कुशीकडे मान वळवून बघू लागली, लीद थांबली, की घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, तडक डॉक्टर. चारा बदलायचा तर आठवड्याभरात, हळूहळू. पाणी दिवसाला वीस-तीस लिटर, उन्हाळ्यात जास्तच. खूर रोज उचलून बघायचे, खडा काढायचा, आणि दीड-दोन महिन्यांनी जाणत्याकडून कापून घ्यायचे. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून त्याची लस चुकवायची नाही. शेवटची गोष्ट बाबांनी सांगितली नव्हती, गावच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितली. त्यांनीच १९६२ हा नंबरही सेव्ह करायला लावला. त्यावर फोन केला की जनावरांचा फिरता दवाखाना येतो.

कुत्र्यांचं म्हणाल तर वाड्यातला एकही कुत्रा रात्री बांधलेला नव्हता. दोघांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते. शेकोटी, माणसं आणि कुत्री एकमेकांच्या हाकेच्या अंतरात झोपायची. "तुमचा आगुदर कितीजन होता?" बाबांनी विचारलं. एकटाच होता, म्हटलं. ते काही बोलले नाहीत. तेवढं पुरे झालं.

पाचव्या दिवशी पहाटे वाडा हलला. घोडी मी घेतली नाही. पगार पुरला असता, सकाळ पुरली नसती.

या उन्हाळ्यात मामाच्या घरी एक पिल्लू आलंय. माझं नाही, मामीचं. भाकरी तीच घालते. मी माझ्या वाटणीचं काम ठरवून घेतलंय. तीन महिन्यांचं झालं तेव्हा रेबीजची पहिली लस मीच देऊन आणली, दर वर्षीची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आहे. जंताचं औषध, गोचिडांसाठी दर रविवारी कान आणि पायाची बोटं तपासणं, हेही माझ्याकडे. ते खेळताना कुणाला दात लागला, तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखाना गाठायचा, हे मी घरातल्या पोरांकडून पाठ करून घेतलंय. अंधार पडला की पिल्लू आत आणि दाराला कडी.

साखळी अजून गोठ्यात खुंटीला लटकलीय. मामाने एकदा विचारलं, भंगारात देऊ का? म्हटलं, राहू दे. शनिवारी गेलो की आधी ती दिसते, मग पिल्लू.