हसण्याचे अतिचार

विनोदाचा एक प्रकार आपल्याकडं 'चावट' या एकाच शब्दात मावतो. तो अश्लील नाही आणि सोज्वळही नाही. इंग्रजांकडं त्याला 'सॉसी' म्हणतात. ताटात डाव्या बाजूला वाढलेल्या चटणीसारखा, तोंडी लावण्यापुरता. त्यांच्याकडं समुद्रकाठच्या गावांत पूर्वी रंगीत पोस्टकार्डं विकायची. धिप्पाड बायका, काटकुळे नवरे आणि खाली दोन अर्थांची एक ओळ. डोनाल्ड मॅकगिल नावाच्या चित्रकारानं अशी हजारो कार्डं काढली. जॉर्ज ऑर्वेलसारख्या लेखकानं १९४१ साली त्यांच्यावर गंभीरपणे लेख लिहिला, आणि १९५४ साली लिंकन शहरात त्याच मॅकगिलवर अश्लीलतेचा खटला होऊन म्हाताऱ्याला दंडही झाला. पुढं ही पोस्टकार्डं चालू-बोलू लागली. १९५८ पासून 'कॅरी ऑन' सिनेमे आले, मग टीव्हीवरच्या मालिका, आणि मालिका गाजली की तिच्यावर सिनेमा.

आता बेळगावातल्या एका जैन घरात हे सगळं कसं पोचलं, ते सांगायला पाहिजे. लंडनजवळ नोकरीला असलेला एक मामेभाऊ दर दोन वर्षांनी यायचा, आणि येताना टीव्हीवरून टेप करून घेतलेल्या कॅसेटी आणायचा. विलायतेची टीव्हीची पद्धत 'पाल', आपलीही 'पाल', म्हणून त्या कॅसेटी आपल्या व्हीसीआरवर सरळ चालायच्या. अमेरिकेच्या असत्या तर नुसत्या रेघा दिसल्या असत्या. कधी शेवटची पाच मिनिटं नसायची, कधी मध्येच साबणाची जाहिरात. आम्ही ती जाहिरातही भक्तिभावानं बघायचो.

दुसरं कारण आमच्या जेवणाचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा घरचा नेम. शेजारणी सातला भाकरी थापायला बसायच्या तेव्हा आमची भांडी घासून पालथी झालेली असायची. आज्जी आणि मोठी माणसं बस्तीत शास्त्र ऐकायला जायची. म्हणजे संध्याकाळचा दीड तास घरातल्या बायका आणि पोरी अगदी मोकळ्या. एरवी बायकांच्या वाट्याला असा वेळ कुठला यायला? रात्रीभोजन-त्यागाचं हे पुण्य कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नसेल, पण आम्ही ते भोगलं.

तिसरं कारण म्हणजे भाषा. त्याच काळात दादा कोंडक्यांचे सिनेमे गावात लागायचे. घरचे पुरुष गुपचूप जाऊन यायचे आणि आम्हाला पोस्टरकडंसुद्धा मान वळवायला बंदी. 'सोंगाड्या' १९७१ चा. गंमत बघा, 'ऑन द बसेस' हा मालिकेवरचा इंग्रजी सिनेमाही १९७१ चाच. दोन्हीतला मसाला एकाच कुटातला. पण एक मराठीत, म्हणून वाह्यात; आणि दुसरा इंग्रजीत, म्हणून शैक्षणिक. "बघू देत की, पोरींचं इंग्लिश तरी सुधारंल," असं काका स्वतः म्हणाले होते.

इंग्रजी सुधारलं की नाही, माहीत नाही. कारण निम्मे विनोद आम्हाला कळायचेच नाहीत. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' ही मालिका ग्रेस ब्रदर्स नावाच्या एका जुनाट दुकानातली. एकाच मजल्यावर एका बाजूला पुरुषांचे कपडे, दुसऱ्या बाजूला बायकांचे. लिहिणाऱ्या दोघांपैकी जेरेमी लॉइड स्वतः तरुणपणी लंडनच्या अशाच एका दुकानात कामाला होता. तिथल्या मिसेस स्लोकम्ब, म्हणजे मॉली सग्डन ही नटी. दर भागात केसांचा रंग नवा. कधी जांभळा, कधी हिरवा, कधी नारिंगी. ही बाई सारखी आपल्या मांजराची काळजी सांगायची. मांजर भिजलं, मांजर एकटं आहे, मांजराला घरी जाऊन बघायला पाहिजे. आणि प्रेक्षक हसून लोळायचे. आम्हाला वाटायचं, विलायतेच्या लोकांना मांजर हा प्राणीच विनोदी वाटत असेल. त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे काकूला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेव्हा ती आधी तोंडावर पदर धरून गप्प बसली आणि मग इतकी हसली की पाणी आणून द्यावं लागलं. "म्हंजे इतकी वर्सं मी आमच्या मनीचं कौतुक त्या बाईसारखं सांगालतो, आन् भावजी हसालते ते ह्याच्यासाठी व्हय?"

मला आजही मिसेस स्लोकम्ब आवडते, ती एवढ्याचसाठी की तिच्या तोंडून ते अगदी साळसूदपणे यायचं. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आपल्या हळदीच्या रात्री विहिणीवरची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आठवा. गाणं केळीच्या बागेचं, नजर जात्यातल्या हळदीवर, आणि ऐकणाऱ्या पोरींचे कान लाल. चावटपणात बाई फक्त हसण्याचा विषय नसते, कधी कधी ती कर्तीही असते. मिसेस स्लोकम्ब कर्ती होती.

सिनेमांचं मात्र तंत्र ठरलेलं. सत्तरच्या दशकात टीव्हीमुळं तिकडची थिएटरं ओस पडत चाललेली. भुताखेतांच्या सिनेमांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर कंपनीनं 'ऑन द बसेस' काढला आणि तो तिकडं तुफान चालला. मग १९७२ ला आणि १९७३ ला असे आणखी दोन. अर्ध्या तासाची गोष्ट दीड तास ताणायची कशी, तर सगळ्यांना सुट्टीवर पाठवायचं. बसवाले हॉलिडे कॅम्पला गेले, १९७७ च्या सिनेमात ग्रेस ब्रदर्सची माणसं स्पेनला गेली. गोष्ट पातळ व्हायची, ताकात पाणी घालावं तशी. तरी आपली ओळखीची माणसं नव्या जागी बघायला मजा यायची. पाहुण्या घरी आपल्याच माणसाला बघितल्यासारखं वाटायचं.

आणि आता बसची गोष्ट. स्टॅन हा ड्रायव्हर, वय उलटून चाललेला, आईच्या घरी राहणारा. हे काम करणारा रेग वार्नी, १९६७ साली लंडनजवळ एनफील्डला बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं तेव्हा त्यातून पहिले पैसे काढणारा माणूस. नाव ऐकून एटीएमच्या रांगेत मला अजून हसू येतं. घरात आई, बहीण ऑलिव्ह आणि तिचा नवरा आर्थर. ऑलिव्ह जाडी, जाड भिंगांचा चष्मा, पसरट केस. मालिकेतला निम्मा विनोद तिच्यावर. ती नवऱ्याजवळ सरकली की तो पाठ फिरवायचा. ती घास घेताना तो तिच्या ताटाकडं बघायचा. एक वाक्य टाकायचा, आणि हशा.

आमच्या घरात आक्का होती. थोरल्या काकांची मुलगी. अंगानं भरलेली, चष्मा आठवीपासून. तिला बघायला येऊन गेलेल्यांची मोजदाद आम्ही सोडून दिली होती. पोहे व्हायचे, पाय धरून नमस्कार व्हायचा, आणि आठ दिवसांनी कुणातरी मध्यस्थाबरोबर निरोप यायचा. एका संध्याकाळी ऑलिव्हवर असाच एक हशा झाला. आम्ही सगळ्या हसत होतो. आक्का हसत नव्हती. रागावलीही नव्हती. पडद्याकडं बघत ती एवढंच म्हणाली, "हिला कोण तरी इचारा की, हिला काय वाटालंय ते."

कुणी काही बोललं नाही. कॅसेट चालूच राहिली.

आक्काचं ते वाक्य मी पुष्कळ वर्षं वागवलं. आपल्या श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती म्हणून एक व्रत आहे. कारण नसताना केलेलं पाप टाळायचं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातले पहिले तीन ऐकून मी थक्क झाले होते. कंदर्प, म्हणजे विकारानं भरलेलं थट्टेचं असभ्य बोलणं. कौत्कुच्य, म्हणजे त्याच्या जोडीला अंगविक्षेप. मौखर्य, म्हणजे नुसती बडबड. 'कॅरी ऑन'ची अख्खी पटकथा झाली की ही! शिवाय नऊ नोकषायांत 'हास्य' पहिलंच. म्हणजे आमच्या आचार्यांना हा प्रकार चांगला ठाऊक होता.

पण अतिचार म्हणजे व्रताला गेलेला ओरखडा. व्रत मोडणं म्हणजे अनाचार, तो वेगळा. मला वाटतं, मिसेस स्लोकम्बचं मांजर हा ओरखडा आहे. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात पुसला जाईल. आर्थरनं ऑलिव्हच्या ताटाकडं बघून टाकलेलं वाक्य मात्र तसं नाही. त्यात एकही चावट शब्द नाही. कुठलाही सेन्सॉर त्याला हात लावणार नाही. पण ते माणसाला लागतं. आपल्या धर्मात मन दुखावणं हीसुद्धा हिंसाच. घरची मोठी माणसं ज्याला भ्यायली, ते त्या विनोदातलं सगळ्यांत निरुपद्रवी होतं. आणि जे खरं विखारी होतं, ते सगळ्यांसमोर, आवाज न कमी करता, चालून गेलं.

त्या पहिल्या बस-सिनेमाची गोष्टच बघा. ड्रायव्हर कमी पडतात म्हणून कंपनी बायकांना ड्रायव्हर नेमते, आणि स्टॅन आणि त्याचा कंडक्टर त्यांना पळवून लावण्याच्या मागं लागतात. चहात लघवीच्या गोळ्या घालतात, केबिनमध्ये कोळी सोडतात. सगळे हसतात. लंडन ट्रान्सपोर्टच्या बसवर पहिली महिला ड्रायव्हर, जिल व्हायनर, आली ती १९७४ साली. म्हणजे सिनेमानंतर तीन वर्षांनी. थट्टा आधी आली, बाई नंतर. आमच्या गावच्या लाल बसमध्ये आता खांद्याला बॅग अडकवून बाई तिकीट फाडते, कानडीत दरडावते आणि मराठीत सुट्टे मागते. तिच्याही आधी कितीतरी थट्टा येऊन गेल्या असतील.

परक्यांवरच्या विनोदाचंही तेच. 'माइंड युवर लँग्वेज' मधली जमीला, साडी नेसून वर्गात विणत बसलेली, आमची फार लाडकी. इंग्रजी चुकीचं बोलणाऱ्या परदेशी माणसांची ती मालिका १९७९ साली वाहिनीच्याच मायकेल ग्रेड या अधिकाऱ्यानं बंद केली. परक्या लोकांची ही टिंगल त्यांना नको वाटली. आम्हाला मात्र त्यात टिंगल दिसली नव्हती. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, अशा सीमेवरच्या गावात प्रत्येक जण कुठं ना कुठं जमीलाच असतो. पुढं १९९३ साली हिंदीत 'जबान संभालके' आली, तीही आम्ही तितक्याच प्रेमानं बघितली. कोण कुणाला हसतंय, आणि हसणारा त्याच बाकावर बसलाय की खुर्चीवर, यावर बरंच अवलंबून असतं.

'जॉर्ज अँड मिल्ड्रेड' आक्काला आवडायची. तिथंही पाठ फिरवणारा नवरा आहे, पण मिल्ड्रेड गप्प बसत नाही. त्याच्या एका वाक्याला तिची तीन. ते काम करणारी यूथा जॉइस १९८० च्या ऑगस्टमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी गेली. सिनेमा नुकताच आला होता. एकटीनं, कुणाला कळू न देता, ती दारूच्या आहारी गेली होती. पडद्यावर एवढी ताडताड बोलणारी बाई. हिलाही कुणी विचारलं नसेल.

आणि ऑलिव्हचं काम करणारी ॲना कॅरन. ती मुळात तशी नव्हतीच. अंगाला कापडाच्या घड्या बांधून, चष्मा चढवून तिला ऑलिव्ह करायचे. एके काळी ती सोहोतल्या क्लबात कपडे उतरवण्याचे खेळ करायची. देखणी बाई, लोकांना हसवायला कुरूप केलेली. हे वाचल्यावर मी आक्काला फोन केला. ती आता मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली आहे, एकटी राहते, आणि मुलींच्या शाळेच्या तीन पिढ्या तिला घाबरतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मी सांगितलं, की मालिकेच्या शेवटच्या वर्षात ऑलिव्हचा घटस्फोट होतो. तो भाग आपल्या कॅसेटीत नव्हता.

पलीकडं क्षणभर शांतता. मग आक्का हसली, आणि तिचं हसणं बराच वेळ थांबलं नाही.

"बरं झालं की गं," ती म्हणाली. "ते आदी आणायचं सोडून मांजरंच आणलं बग त्यानं."