‘ढ’ या अक्षराची कुळकथा

प्राथमिक शाळेंत असतांना एका गुरुजींनीं मला भर वर्गांत ‘ढ’ म्हटलें. त्रैराशिकाचें उत्तर चुकलें होतें, एवढाच अपराध. मधल्या सुटींत सारीं मुलें मला त्याच एकाक्षरी नांवानें हाका मारूं लागलीं. मूर्ख म्हटलें असतें तर इतकें लागलें नसतें. पण मुळाक्षरांतलें एक निरुपद्रवी अक्षर शिवी कसें झालें, हें कांहीं केल्या उमगेना.

घरीं आजोबांना विचारलें. ते म्हणाले, “अरे, अशोकाच्या काळापासून अक्षरें किती बदललीं! ‘क’ तेव्हां नुसता बेरजेच्या खुणेसारखा होता. ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला. सव्वादोन हजार वर्षें एकाच इयत्तेंत बसला, म्हणून मठ्ठ मुलाला ‘ढ’ म्हणतात!” मी हंसलों खरा, पण आपणही जन्मभर असेच राहणार, या धास्तीनें रात्रीं झोंप लागली नाहीं.

हायस्कुलांत आल्यावर ब्राह्मी लिपीचा तक्ता पाहिला. आजोबांचें म्हणणें खरें होतें. डोक्यावरची रेघ सोडली तर ‘ढ’ बहुतेक तोच. पण शेजारींच ‘ठ’ होता, नुसतें वर्तुळ. तोही फारसा बदललेला नाहीं. मग कोणाला ‘ठ’ कां म्हणत नाहींत? शिवाय १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें उलगडा करीपर्यंत ही लिपि शेंकडों वर्षें कोणाला वाचतां येत नव्हती. खेड्यांतली आजीबाई नातवाला ‘ढ’ म्हणते, तिनें कोणते शिलालेख पाहिले? मला वाटतें, कारण कानांत आहे, डोळ्यांत नव्हे. ढब्बू, ढिम्म, ढिला, ढेकूळ, ढेरपोट्या! आपले ‘ढ’चे कितीतरी शब्द असेच जड नि सुस्त आहेत. शेजारच्या गुजरातींतही अभ्यासांत मागें पडणारा मुलगा ‘ढ’च. अर्थात् हा माझा तर्क. आजोबांची गोष्ट अधिक गोड होती.

पण खरी गंमत पुढेंच आहे. गिरनारच्या बाराव्या शिलालेखांत सर्व पंथांची ‘सारवढी’ व्हावी, अशी इच्छा अशोकानें प्रकट केली आहे. ‘वढी’ म्हणजे वृद्धि. ज्या अक्षरावर न वाढल्याचा आरोप, तें त्या पाषाणावर वाढीच्याच शब्दांत बसलें आहे. आणि आपल्या ‘वाढ’ शब्दांतही अद्याप आहे!

हें मीं आजोबांना दाखविलें. ते बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्या दिवशीं मीं तुला अर्धीच गोष्ट सांगितली.”

त्या वर्षीं गणितांत मला ३६ गुण मिळाले.