मागांच्या गावांची सावली

मे महिना म्हणजे मुलांना "उन्हात जाऊ नका" म्हणत घरात कोंडण्याचा महिना. भिवंडीत तर दुपारी पत्रे तापलेले, गल्लीत मागांचा खडखडाट, आणि लाइट गेली की तोही बंद होऊन नुसता उकाडा. अशा वेळी पोरांना गच्चीवर पिटाळा म्हटलं तर आया माझ्याकडे कशा बघतील, याची मला कल्पना आहे. पण काम दहाच मिनिटांचं. टोपी घाला, पाणी पाजा आणि सूर्याकडे बघायचं नाही, हे दोनदा बजावा. बघायचं ते खाली, जमिनीवर.

१६ मेच्या सुमाराला सूर्य भिवंडीच्या बरोबर डोक्यावर येतो. बाराच्या ठोक्याला नव्हे. आपल्या घड्याळातले बारा हे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचे. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपला मध्यान्ह १२ वाजून ३४-३५ मिनिटांनी. तेव्हा सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण गावोगावच्या या शून्य सावलीच्या तारखा वर्तमानपत्रांतून कळवत असतात. त्या वाचून कात्रण काढून ठेवण्यापेक्षा गच्चीवर जावं.

उभं काय करायचं? भिवंडीच्या पोराच्या हाताला आधी लागतो तो सुताचा रिकामा पुठ्ठ्याचा कोन. आणि तोच फसवतो. खाली रुंद, वर निमुळता, त्यामुळे सूर्य डोक्यावर यायच्या कितीतरी दिवस आधीपासूनच भर दुपारी त्याची सावली त्याच्या पोटात दडते. पोरं आनंदाने ओरडतात, "गेली, गेली!" त्यांना लगेच सांगू नये. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही गेली, की कुणीतरी आपणहून कोनाकडे संशयाने बघतं. मग मीटरभर सरळ पाइपाचा तुकडा येतो. तो खरोखर उभा आहे का, हे पाहायला सुताच्या टोकाला नट बांधला की गवंड्याचा ओळंबा तयार.

मला यातली सगळ्यात मोठी गंमत वाटते ती पुढे आहे. ही शून्य सावली दक्षिणेकडून गावं घेत येते, आणि महाराष्ट्रातली मागांची गावं तिच्या वाटेवर ओळीने लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यात ती इचलकरंजीला, १० तारखेच्या आसपास सोलापूरला, १६ला भिवंडीला, २२-२३ला मालेगावला. धंद्यापायी कुणाचा मामा इचलकरंजीत, कुणाची आत्या मालेगावात असतेच. तेव्हा १६ तारखेला फोन लावावा. भिवंडीत पाइपाची सावली गायब, त्याच दिवशी मालेगावच्या मीटरभर पाइपाची दोनेक सेंटिमीटर, उत्तरेकडे झुकलेली. इचलकरंजीची साडेचार सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे! फोनवर यावरून भांडण झालं पाहिजे. "तू पाइप वाकडा धरलास", "तुझं घड्याळ मागे आहे". घड्याळाचं खरंच आहे म्हणा. मालेगावचा मध्यान्ह भिवंडीच्या सहाएक मिनिटं आधी होतो.

दोन्ही टोकांच्या सावल्यांवरून कोन काढले की बेरीज चार अंशांच्या जरा आत येते. इचलकरंजी ते मालेगाव सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४३० किलोमीटर. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, मग सगळ्या पृथ्वीचा घेर किती, हे त्रैराशिक पाचवी-सहावीच्या पोरालाही जमतं. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ यायला हवं. बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये याच युक्तीने पृथ्वी मोजली होती. मुलांचं उत्तर बहुधा पार चुकेल. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर पाइपाच्या सावलीचा शेंडा सेंटिमीटरभर पुसट असतो. साडेचारात एक हा घोळ लहान नाही. तो कमी कसा करायचा, यावर त्यांना डोकं लढवू द्यावं. मोठ्यांना सांगायची फार घाई असते.

भिवंडीजवळच्या काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांतून देशभर जी खोकी जातात, त्यांत मुलांसाठीचे रंगीत विज्ञानसंचही असतीलच. ते वाईट नसतात. पण त्यांत काय होणार, हे खोक्यावरच छापलेलं असतं. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काड्यापेटीच्या काड्यांपासून आणि स्ट्रॉपासून खेळणी करून दाखवली, ती मोडली तरी कुणी रागावत नाही, हा मला त्यांचा मोठा गुण वाटतो.

१६ मेनंतर मध्यान्हाची सावली दक्षिणेला पडू लागते, हे पोरांनी टिपून ठेवावं. सूर्य २६-२७ जुलैला पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. त्या दिवसांत पाऊस मोजावा. उघड्यावर डबा ठेवायचा, सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वाचायचे. हवामान खातंही चोवीस तासांचा हिशेब याच वेळेला करतं. डबा मोठा की लहान याने फरक पडत नाही, पण बादली नको, ती वर रुंद असते. बातम्यांत ऐकू येतात ते कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे. भिवंडीतल्याच वंजारपट्टी नाक्याचा आणि धामणकर नाक्याचा डबा एकाच सकाळी निराळं सांगतो का, ते गच्चीच्या भिंतीवर खडूने लिहिलं की कळेल.