चान्स किती?

रविवार, ८ सप्टेंबर २०२४, एडिसन, न्यू जर्सी

मंडळाच्या गणपतीत यंदा आरतीपेक्षा अॅडमिशनची चर्चा मोठ्या आवाजात. लेक सीनियर, म्हणजे बारावीला, त्यामुळे मोदकाची ताटली हातात पडायच्या आत प्रश्न आला, "कुठे कुठे भरताय? चान्स किती?" मी विम्यातली अॅक्चुअरी, जोखमीचा हिशेब मांडणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे माझ्या पर्समध्ये नेमका आकडा असणार अशी सगळ्यांची समजूत.

आकडा आहे की. हार्वर्डला या वर्षीच्या बॅचसाठी ५४,००८ अर्ज आले, १,९३७ जणांना होकार गेला. ३.५९ टक्के. पण हा एका पोराचा चान्स नव्हे. पन्नाशीतला सिगारेट ओढणारा आणि पंचविशीतला धावपटू यांना आम्ही एकच हप्ता लावला तर कंपनी वर्षभरात बुडेल.

एक काका म्हणाले, "आता सुप्रीम कोर्टानेच वंशाचा निकष काढून टाकलाय. आपल्या मुलांना रान मोकळं." निकाल जून २०२३चा. त्यानंतरची पहिली बॅच नुकतीच आत गेली, पण तिचे आकडे काकांना सरसकट साथ देत नाहीत. एमआयटीत आशियाई मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ४७वर गेलं, कृष्णवर्णीयांचं १३वरून ५वर आलं. येलमध्ये मात्र आशियाई ३०वरून २४वर उतरले, आणि आमच्या दारातल्या प्रिन्स्टनमध्ये २६वरून २३.८वर. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे लबाडी अजून चालूच आहे!" आकडे दाखवून कुणाचं मत बदलतं यावर माझा फारसा विश्वास नाही. मी दुसरा मोदक घेतला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

रात्री लेकीने शाळेच्या नॅव्हिअन्सवरचा आलेख उघडून दाखवला. आडव्या अक्षावर सॅटचे गुण, उभ्यावर जीपीए, आणि तिच्या शाळेतून गेल्या काही वर्षांत त्या विद्यापीठाला अर्ज केलेला प्रत्येक मुलगा म्हणजे एक बिंदू. होकार हिरवा, नकार लाल. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे सगळे हुशार गोळा होतात, तिथे नुसता लाल सडा. त्यात अधूनमधून एखादा हिरवा. आणि पार खाली डावीकडे, १३००च्या आसपास, एक हिरवा बिंदू एकटाच, ऐटीत.

"हा कोण?" मी विचारलं.

"आई, तो रोइंगवाला असणार. नाहीतर त्याचे आजोबा तिथले."

सतरा वर्षांच्या मुलीला जे एका नजरेत कळलं ते त्या आलेखात कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याकडे अशी विदा कुणी आणून दिली असती तर मी पहिला प्रश्न केला असता, की यातला निम्मा रकाना कुणी खोडला?

शनिवार, २८ सप्टेंबर

खोडलेला रकाना एकदाच सगळ्यांसमोर उघडा पडला, तो बॉस्टनच्या न्यायालयात २०१८ साली. वंशाच्या निकषावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात सहा वर्षांच्या अर्जांची विदा तज्ज्ञांच्या हाती आली. आज घरकाम बाजूला सारून ती कागदपत्रं वाचत बसले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना होकार मिळण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर, इतरांना ६च्या आत. प्रशिक्षकांनी हेरलेल्या खेळाडूंना ८६ टक्के. घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के एकतर असे खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतले. ही यादी बहुधा देणगीदारांच्या दारावरून जाते.

म्हणजे ३.५९ हा सरासरीचा आकडा. त्यात ८६वाले आहेत, ३३वाले आहेत, आणि उरलेल्यांसाठी तो ३.५९च्याही खाली आहे. लेक उरलेल्यांत. तिचे आजोबा सांगलीच्या बाजार समितीत हिशेबनीस होते. त्यांच्या नावाने इथे कुठलं दार उघडणार नाही.

त्याच विदेतली आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 'व्यक्तिमत्त्व' या सदरात प्रवेश कचेरीने आशियाई मुलांना सरासरीने कमी गुण दिले होते, तेही बहुतेकांना न भेटता. प्रत्यक्ष भेटून मुलाखती घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांत मात्र तशी तफावत नव्हती. जिल्हा न्यायाधीशांनी यात हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही असं म्हटलं. मला हेतूशी देणंघेणं नाही, माझा धंदा परिणामाचा.

हे 'व्यक्तिमत्त्व' आलं कुठून? जेरोम काराबेल यांचं २००५चं 'द चोझन' हे पुस्तक वाचनालयातून आणलंय. १९२२मध्ये हार्वर्डमध्ये ज्यू मुलांचं प्रमाण पाचात एकाच्या वर गेलं, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपलं. उघड मर्यादा घालायला प्राध्यापकांनी नकार दिला. मग अर्जात वडिलांचं जन्मस्थळ आलं, आईचं माहेरचं नाव आलं, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, हा प्रश्न आला. गुणांच्या जोडीला चारित्र्य, नेतृत्व, अष्टपैलूपणा आले. आमच्या गल्लीतली मुलं सातवीपासून ज्या 'वेल राउंडेड'पणामागे धावतात त्याचं मूळ इतकं घाणेरडं असेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, २० ऑक्टोबर

एसे. साडेसहाशे शब्दांची मर्यादा, आणि घरात त्यावरून साडेसहाशे वाद. नवऱ्याचं मत, सल्लागार लावावा. ओक ट्री रोडवरच्या दुकानात किराणा घेता घेता कुणीतरी त्याला एका बाईंचा नंबर दिलाय. फी काही हजार डॉलर. शाळेचा काउन्सेलर चांगला माणूस आहे, पण त्याच्या वाट्याला कितीतरी मुलं. देशभराची सरासरीच काउन्सेलरमागे ३८५ अशी आहे. असावीत २५०, असं त्यांची संघटना म्हणते. लेक म्हणाली, सल्लागार नको. मग त्या बाई 'भरतनाट्यम आणि दोन संस्कृतींमधली मी' लिहायला लावतील.

तिचा विषय पाऊस. २०२१च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने रॅरिटन नदी फुगली, काठच्या सखल गावांत घरंच्या घरं पाण्यात गेली. तेव्हा ती आठवीत... नाही, नववीत नुकतीच गेली होती. त्यानंतर तिने मागच्या अंगणात पर्जन्यमापक लावलं आणि कोकोराझ या हौशी निरीक्षकांच्या जाळ्यात नाव घातलं. रोज सकाळी सातला चपला घालून बाहेर, नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून इंचाचा शंभरावा भाग वाचायचा, आणि शाळेत जाण्याआधी नोंद भरायची. यंदाच्या ऑक्टोबरात तिला वाचायला काहीच नाही. महिना कोरडाच चाललाय. तरी ती रोज बाहेर जाते आणि शून्य भरते. कारण नोंद भरली नाही तर नकाशावर त्या जागी पाऊस नव्हता असं दिसत नाही, माहितीच नाही असं दिसतं.

एसे त्या शून्यांवर आहे. वाचून मी काही बोलले नाही. एक स्वल्पविराम तेवढा काढायला सांगितला. अर्जाच्या दुसऱ्या भागात मात्र हे सगळं दीडशे अक्षरांत बसवायचं असतं. शब्द नव्हे, अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. तिथे ती तासभर चिडत होती.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

अर्ली अर्जांची आज शेवटची तारीख. आईच्या कालनिर्णयात लक्ष्मीपूजन आज, इथल्या देवळाच्या हिशेबाने काल, आणि काल हॅलोविनही. त्यामुळे दोन दिवस दारात पणत्या, भोपळा आणि वर लेकीच्या खोलीत लॅपटॉप.

अर्लीला होकाराचं प्रमाण दुप्पट-तिप्पट दिसतं, म्हणून सगळे तिकडे पळतात. पण हेरलेले खेळाडू आणि वारसदार याच रांगेत असतात. ते वजा केले तर फायदा बराच आटतो. 'अर्ली डिसिजन'ची गोष्ट वेगळी. तिथे होकार आला की जायचंच, हे आधी लिहून द्यायचं. विद्यापीठाला जागा नक्की भरल्याची खात्री मिळते, आणि त्या खात्रीची किंमत ते होकारात मोजतात. ज्याला फीची घासाघीस करायची गरज नाही तोच अशी सही बिनधास्त करतो. आम्ही नाही केली; बंधन नसलेला अर्ली अर्ज भरला.

रटगर्स या आमच्या राज्य विद्यापीठाचा अर्जही आजच गेला. नवरा म्हणाला, "ते काय, होईलच." मला हा सूर आवडत नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

काल संध्याकाळी अर्लीचा निकाल. नकार नाही, होकार नाही, डिफर. मार्चमध्ये पुन्हा बघू. लेक जेवली, भांडी घासली, आणि मला बोलू दिलं नाही.

रविवार, २९ डिसेंबर

नवऱ्याने रुमालावर गणित मांडलं. दहा ठिकाणी भरू, प्रत्येक ठिकाणी पाच टक्के. दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९५चा दहावा घात, म्हणजे साठ टक्के. तेव्हा कुठेतरी लागण्याची चाळीस! इंजिनिअर माणूस, दशांश चिन्ह चोख. पण हे गणित नाण्याचं. नाण्याला आधीची फेक आठवत नाही. इथे दहाही ठिकाणी जाणारी फाईल एकच: तेच गुण, तीच शिफारसपत्रं, तोच एसे, तोच पत्ता. एका कचेरीला ती ज्या कारणाने नकोशी वाटेल, त्याच कारणाने दुसरीलाही वाटण्याचा संभव मोठा. किनाऱ्यावरच्या दहा घरांचा विमा उतरवून जोखीम वाटली गेली असं मानणाऱ्या कंपन्यांचं वादळात काय होतं, ते आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी पाहिलंय.

"मग खरा आकडा किती?"

चाळीसच्या खाली, पाचाच्या वर. याहून बारीक कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

शुक्रवार, १४ मार्च २०२५

पाय दिवस. एमआयटीचे निकाल प्रथेप्रमाणे संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी, कारण दुप्पट पाय ६.२८. आमचा तिथे अर्ज नाही, पण लेकीच्या मैत्रिणीचा होता. इतका गोड विनोद करून इतक्या मुलांना रडवायचं.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. गुरुवारी संध्याकाळी आयव्हीचे निकाल एकदमच लागले. ज्यांनी डिफर केलं होतं त्यांनी नकार दिला. बाकी नकार, आणि एक वेटलिस्ट. रटगर्सचं ऑनर्स कॉलेज हातात आहे. आणखी एका खाजगी विद्यापीठाचा होकार आहे, पण शिष्यवृत्ती जेमतेम.

आईचा सांगलीहून फोन. गुढी उभारली का, श्रीखंड केलंस का, आणि मग, "पोरीला किती मार्क कमी पडले गं?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. तिकडे सीईटीचा पर्सेंटाइल असतो, कॅपच्या फेऱ्या असतात, प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेचा, प्रवर्गाचा कटऑफ छापून येतो. दशांशाने हुकलेलं पोर आठवडाभर रडतं, पण कशाने हुकलं ते त्याला माहीत असतं. शेजारच्याला कळतं, मावशीला कळतं, जन्मभर कळत राहतं. त्या पद्धतीवर मी स्वतः पुष्कळ चिडलेली आहे. एका दुपारच्या पेपरावर माणूस तोलायचा म्हणजे काय! पण इथे तर वजनच दाखवत नाहीत. बँडला बासरीवाला हवा होता, की मध्य-पश्चिमेतलं कुणी हवं होतं, की अमुक इमारतीवर ज्याचं नाव आहे त्याची नात आली होती? काहीच कळत नाही. मग मुलं कारण स्वतःत शोधतात. काल लेक विचारत होती, मी बोअरिंग आहे का.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३चा अभ्यास मी तिला छापून दिला: सॅटचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या घरांची मुलं आयव्हीसह बारा नामांकित विद्यापीठांत मध्यमवर्गीयांच्या दुप्पटीहून अधिक प्रमाणात पोचतात. तिने तो वाचला. म्हणाली, "पण आई, आपण गरीब पण नाही ना." तेही खरंच.

शनिवार, २६ एप्रिल

रटगर्स डे. कुक कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी वाढवलेली मेंढरं, डुकरं, वासरं प्रदर्शनात. हवामानशास्त्राच्या टेबलाशी लेक इतकी रमली की आम्ही दोघं आइस्क्रीम खाऊन परत आलो तरी तिथेच. राज्याच्या हवामानतज्ज्ञांचं कार्यालय याच विद्यापीठात आहे.

गाडीत पैशांचा विषय. खाजगीचा खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात, रटगर्सचा राज्यातल्यांना त्याच्या निम्म्याहून कमी. नवरा म्हणतो, नावाला किंमत असते. डेल आणि क्रूगर यांचा २००२चा निबंध सांगतो की तितक्याच हुशार, तिथेच अर्ज केलेल्या पण दुसरीकडे शिकलेल्या मुलांची पुढची कमाई सरासरीने जवळपास तेवढीच निघते; अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा, त्यांना फायदा दिसतो. चेट्टींच्या अभ्यासातही सरासरी फारशी हलत नाही. मात्र अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता निम्म्याने वाढते. म्हणजे न्यायाधीश, सिनेटर, वॉल स्ट्रीट यांच्या रांगेत उभं राहायचं असेल तर नाव लागतं. ढग वाचायचे असतील तर बहुधा नाही. नवरा गप्प बसला, पण पटल्यासारखा नाही.

घरी आल्यावर वेटलिस्टचा प्रश्न काढला. माझा सल्ला, हो म्हण. फुकटचा पर्याय आहे, सोडायचा कशाला? काही विद्यापीठांनी एखाद्या वर्षी वेटलिस्टमधून एकालाही घेतलेलं नाही हे मला माहीत आहे, तरी शून्य खर्चाची गोष्ट हातची का घालवा. नवराही माझ्याच बाजूने, हे दुर्मिळ.

"फुकट नाहीये ते," लेक म्हणाली. "जुलैपर्यंत रोज ईमेल बघायची मी. ते तू धरलंस का?"

धरलं नव्हतं. तिने तिथेच सोफ्यावर पाय वर घेऊन वेटलिस्टला नाही कळवलं, रटगर्सची अनामत भरायला माझं कार्ड मागितलं, आणि मागचे तीन आकडे मला दोनदा वाचायला लावले.