गुळवेल चालते का?



पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. एका शब्दात उत्तर माझ्याकडे नाही. पण गेल्या श्रावणात आमच्या घरी त्याचा निकाल लावावाच लागला, म्हणून मी वेल जवळून बघितली. ते बघितलेलं सांगते.

सासूबाईंचा ताप उतरला, पण कणकण काही जाईना. वैद्यांनी गुळवेलीचा काढा सांगितला. सासूबाईंचा अनंतकायाचा आजन्म त्याग आहे, त्यामुळे त्या म्हणाल्या, "आधी वेल बघून ये, मग काढ्याचं बघू." शेजारच्या भाभी श्वेतांबर. त्यांच्याकडे बत्तीस अनंतकायांची यादी असते आणि तीत गुळवेलीचं नाव आहे, त्यांचा विषय तिथेच संपला. आम्ही दिगंबर गोम्मटसार जीवकांडातल्या खुणा लावून बघतो. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी त्या हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आहेत आणि त्यांना भिंग लागत नाही, डोळे आणि नखं पुरतात. शिरा, सांधे, पेरं उमटलेली नसतील, मोडल्यावर सरळ सारखे भाग होत असतील, मध्ये तंतू लोंबत नसेल, तोडलं तरी पुन्हा उगवत असेल, तर तिच्या आश्रयाने अनंत जीव आहेत असं धरायचं. साल जाड असेल तरीही तसंच. पातळ असेल तर प्रत्येक वनस्पती.

आमच्या परड्यातल्या कडुलिंबावर गुळवेल आहे. लिंबावरची गुळवेल औषधाला चांगली असं सगळेच म्हणतात. तिला काकडीसारखे ताणे नसतात, ती स्वतःलाच पीळ घालत झाडाला वेढे देते. पान हृदयाच्या आकाराचं. उजेडात धरलं तर देठाजवळून निघालेल्या पाच-सात शिरा हाताच्या बोटांसारख्या स्पष्ट दिसतात. देठ बुडाशी फुगीर आणि जरा पिळलेला, सांधा लपायचा प्रश्नच नाही. जुनं खोड मोडून बघितलं तर तंतू निघतात, आडवं कापलं तर गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. वरची साल कागदासारखी, नखाने सुटते आणि खाली हिरवंगार. उन्हाळ्यात ही वेल पानं गाळून वाळल्या दोरखंडासारखी लोंबते, तेव्हासुद्धा नख लावलं की आत हिरवीच असते. बारीक पिवळट फुलंही तिला बहुधा अशा बिनपानाच्या दिवसांतच येतात. नर-मादी वेल वेगळ्या, म्हणून लाल फळं सगळ्यांच्या वेलीवर दिसणार नाहीत.

कोवळ्या शेंड्याची गोष्ट निराळी. तिथे शिरा-पेरं अजून उमटलेली नसतात, आणि शास्त्र कोवळेपणाला वेगळं धरतं. तेव्हा शेंडा सोडून द्यायचा, हे मी मनाशी ठरवलं. बाकी सगळ्या खुणा काढ्याच्या बाजूने होत्या.

राहिली ती एकच, तोडल्यावर उगवण्याची. आणि गुळवेलीचं संस्कृत नावच छिन्नरुहा! तोडली तरी वाढणारी. खालून बुंधा कापला तर वर अडकलेली वेल मरत नाही. ती दोऱ्यासारखं बारीक मूळ हवेत सोडते, ते लांबत लांबत जमिनीला टेकतं आणि वेल पुन्हा आपल्या पायावर उभी राहते. आमच्या लिंबावर अशी दोन मुळं लोंबत होती, पोरं त्यांना सुतळी समजून ओढायची.

मी घरात बाजू मांडली. जास्वंदाची, मोगऱ्याचीही फांदी लागतेच की, एका खुणेवर का अडायचं? सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग वाळवून घेऊ. सुंठ चालते तशी." वाळलेलं, शिजलेलं प्रासुक होतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. बोटाएवढे जाड चार तुकडे आणून मी देवळीत ठेवले.

पंधरा दिवस झाले. तीन तुकडे सुरकुतले. चौथ्याला पेराजवळ हिरवा कोंब आलेला! ना माती, ना पाणी. सासूबाईंनी तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्यात जीव हाय गं अजून," एवढंच म्हणाल्या. बाकीचे तिघे तरी वाळले की नुसते निजलेत, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. काढा झाला नाही. वैद्यांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, त्यांनी काडेचिराईत दिलं. तेही कडूजहर, पण सासूबाईंनी तोंड वाकडं न करता घेतलं. दशलक्षणात त्या रोज चालत बस्तीला गेल्या.

तुमच्या घरी त्याग नसेल आणि गुळवेल घ्यायचीच असेल, तर दोन गोष्टी बघा. औषधाची गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याच जातकुळीतली टिनोस्पोरा क्रिस्पा तशीच दिसते, पण तिच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात. ती अपायकारक ठरू शकते, असं आयुष मंत्रालयानेही २०२२मध्ये सांगितलं आहे. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले, आणि २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर वाद झाले, अजून होतात. तरी यकृताचा त्रास असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. शेजारणीने सांगितलं म्हणून तर नाहीच, मी सांगितलं म्हणूनही नाही.

कोंब आलेला तुकडा सासूबाईंनी माझ्या दिरांकडून शेवग्याच्या बुडाशी लावून घेतला. बाकीचे तीनही त्याच्या शेजारीच ठेवायला लावले. त्यांतला एक आता लागलाय.