पाण्याविना वल्हे

पुण्यात शिवाजीनगरकडून संगम पुलाच्या दिशेने हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी, सातच्या आत, चालत जाऊन पाहा. मुळा आणि मुठा येथे एकमेकींना भेटतात, आणि जवळच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. नदी आता पूर्वीची राहिलेली नाही. जलपर्णी आणि सांडपाण्याचा वास वगळून या जागेचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही पाण्यावरच्या धुक्यातून एखादी लांब, अरुंद होडी निःशब्द सरकत येते, तेव्हा त्या वासाचा क्षणभर विसर पडतो. पुढे बंडगार्डनचा बंधारा पाणी अडवून धरतो, म्हणून येथे नदी संथ असते. त्या संथपणाच्या आधारानेच पुण्यात वल्हवण्याची परंपरा रुजली. बंडगार्डनकडचा दुसरा एक बोट क्लब तर 1868 सालचा आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे काठावर उभा होतो तो विरंगुळा म्हणून नव्हे. घरी चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील आहेत. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवणे, खुर्चीतून उठवणे हे दिवसातून पाच-सहा वेळा माझ्याकडे असते. एका सकाळी त्यांना उठवताना माझ्या कंबरेत अशी उसण भरली की तीन दिवस मलाच अंथरुणातून उठवावे लागले. शेजारचा मुलगा येऊन अण्णांना उठवून जाई. इतरांना ‘व्यायाम करा’ असे तीस वर्षे सांगणारा मी, छप्पन्नाव्या वर्षी स्वतःच्या बापाला उचलू शकत नव्हतो. चालण्याने दम वाढतो हे खरे, पण उचलण्याचे बळ त्यातून फारसे येत नाही. एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने सुचवले, ‘वल्हव. आधी नदीवर जाऊन नीट बघून ये.’

मी पाहिले ते असे. वल्ही हातांत असली तरी काम पायांचे होते. अण्णा राजापूरकडचे, लहानपणी तरीतून खाडी ओलांडून शाळेत जात. तरीतल्या नावाड्याची बैठक हलत नाही, त्यामुळे त्याचे सारे बळ दंडांत आणि पाठीत. शर्यतीच्या होडीत मात्र बैठक चाकांवर असते. मुले गुडघे दुमडून पुढे सरकत, मग पायांनी पट्टीवर रेटा देत आणि होडी झेपावे. तो रेटा मला ओळखीचा वाटला. खुर्चीतून उठताना आपण जमिनीला देतो तोच हा रेटा. फरक इतकाच की येथे तो आडवा असतो आणि शरीराचे वजन बैठक सांभाळते. ज्यांचे गुडघे चालताना कुरकुरतात, ज्यांचा तोल जातो, त्यांच्यापैकी अनेकांना म्हणूनच हा व्यायाम मानवतो.

नदीत उतरण्याची अर्थातच आवश्यकता नाही. 1981 साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या ड्रायसिगॅकर बंधूंनी सायकलचे चाक वापरून वल्हवण्याचे यंत्र तयार केले. आज व्यायामशाळांत दिसणारी बहुतेक यंत्रे त्याच वळणाची आहेत. पुढे पात्यांचे चाक, त्याला साखळी, साखळीला मूठ, आणि मागेपुढे सरकणारी बैठक. तुम्ही जितक्या जोराने ओढाल तितकाच हवेचा विरोध वाढतो, म्हणून तेच यंत्र नातवालाही चालते आणि आजोबांनाही. खेळाडूसुद्धा काठावर अशाच यंत्रांवर घाम गाळतात. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर पुण्यात वल्हवायला शिकले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत 13वे आले. दुष्काळी गावच्या माणसाला हे साधले, हा विचार मला पहिल्या दिवशी जरा अधिकच चढला असावा.

कारण आमच्या सोसायटीच्या व्यायामखोलीत जाऊन मी चाकाशेजारची तरफ सरळ दहावर नेली आणि दहा मिनिटे नुसत्या हातांनी ओढत राहिलो. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना. ती तरफ ताकद मोजण्याची नव्हे, चाकात हवा किती शिरावी हे ठरवण्याची आहे. नवख्याने ती तीन-चारवर ठेवावी.

आता बसण्यापासून सांगतो, कारण वयस्कांचे अपघात वल्हवताना कमी आणि बसता-उठताना अधिक होण्याचा संभव असतो. नेहमीच्या यंत्राची बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंच असते आणि ती सरकते. पहिले काही दिवस कोणीतरी ती मागून धरून ठेवावी. शेजारी आधारासाठी भक्कम खुर्ची असावी. उंच बैठकीचे यंत्र मिळाले तर तेच निवडा. पायांचे पट्टे चवड्याच्या रुंद भागावरून बांधा. आरंभी गुडघे दुमडलेले, हात सरळ, पाठ ताठ पण अवघडलेली नको. आधी पाय रेटा. पाय जवळजवळ सरळ झाले की कंबरेतून किंचित मागे झुका, आणि सर्वांत शेवटी मूठ बरगड्यांच्या खालच्या कडेशी आणा. परतताना क्रम उलटा: हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे. जाताना मनात ‘एक’ म्हणा, येताना सावकाश ‘दोन, तीन’. मिनिटाला अठरा ते वीस फेऱ्या पुरेत. पाठीला पोक काढून ओढणे हीच कंबर धरण्याची हमखास वाट. गुडघे दुखत असतील तर ते पूर्ण दुमडू नका. अर्ध्यातून परत फिरा. कोणी तरुण शेजारी ‘अजून पुढे या’ म्हणाला तरी फिरा.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट वल्हवणे, एक मिनिट विसावा, असे तीनदा, एक दिवसाआड. मग आठवड्याला एखादे मिनिट वाढवत दहा मिनिटांपर्यंत जा. घाई कोणालाही नाही. जोर किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. मनगटावरच्या घड्याळातील नाडीवर विसंबू नका. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी ‘बीटा ब्लॉकर’ घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही पुरेशी वाढत नाही. रेटताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर केल्याने रक्तदाब एकदम चढतो.

छातीत दुखणे, नुकताच आलेला हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज यंत्राला हात लावू नका. मणक्याची हाडे ठिसूळ असतील तर वारंवार पुढे वाकणे धोक्याचे ठरू शकते. त्यांच्यासाठी दुसरे व्यायाम आहेत. सांधा बदललेल्यांनी फिजिओथेरपिस्टकडून गुडघा-खुबा किती दुमडायचा हे ठरवून घ्यावे. इन्शुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी बसू नये, आणि खिशात साखर ठेवावी. वल्हवताना छातीत दाब, भोवळ किंवा अनपेक्षित धाप जाणवली तर तेथेच थांबावे. छातीतला दाब ओसरला नाही तर ‘बघू सकाळी’ म्हणू नये, थेट रुग्णालय गाठावे. संपल्यावर लगेच उभे राहू नका; दोन मिनिटे बसून श्वास सावरा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: बसून केलेल्या व्यायामाने तोल सुधारत नाही. ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, टाच-चवड्याने चालणे हे वेगळे करावेच लागते. मी सकाळी दात घासताना करतो. आरशात फारसे शोभत नाही.

आणि जे कोणाची तरी सेवा करतात त्यांच्यासाठी थोडे अधिक. तुम्हाला वेळ नसतो हे मी जाणतो. माझी वेळ ठरलेली आहे, अण्णांना न्याहारी झाल्यावर डुलकी लागते ती वीस मिनिटे. तीन महिन्यांनी कंबर लोखंडाची झालेली नाही. पण त्यांना उठवताना आता मी पाठीने ओढत नाही. पाय रोवतो, गुडघे दुमडतो, त्यांना जवळ घेतो आणि मांड्यांनी उठतो. त्यांनाही फरक कळला असावा, कारण माझ्या खांद्याला घट्ट धरणारी त्यांची बोटे अलीकडे सैल असतात.

परवा परत आलो तर ते जागे होते.

“किती झाले रे आज?”

“आठशे मीटर, अण्णा.”

“म्हणजे अजून मध्यावरच आहेस. आमची खाडी याहून रुंद होती.”