तेरा मिनिटे

जगात काही कामे अशी असतात की ती चांगली झाली तर कुणाच्या ध्यानात येत नाहीत, आणि बिघडली की मात्र साऱ्या आळीला कळतात. आमटीतले मीठ हे त्यांतले पहिले. मीठ बेताचे पडले तर आपण "आमटी छान झाली" म्हणतो. "मीठ छान झाले" असे कुणी म्हटल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. मुद्रिते तपासणाऱ्याचे तसेच, रुळांचे सांधे बदलणाऱ्याचे तसेच, आणि क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाचेही तसेच. त्याने दिवसभर चेंडू अडवले तर त्याची कुठे नोंद नाही. एक हुकून सीमेपार गेला, की 'बाय' म्हणून चार धावा ताबडतोब लिहिल्या जातात.

मी मराठीचा मास्तर. शब्दाची फोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. 'यष्टिरक्षक' म्हणजे यष्टींचा रक्षक. षष्ठी तत्पुरुष समास, मामला सरळ. पण अर्थाकडे पाहावे तर सगळाच घोटाळा! त्या तीन यष्टी राखतो तो बिचारा फलंदाज. आणि हे 'रक्षक' महाशय त्याचा पाय रेषेपुढे कधी सरकतो आणि आपण त्या कधी उडवतो, याची वाट पाहत मागे दबा धरून बसलेले! आमच्या इंझोरीच्या पोरांनी हा घोटाळा केव्हाच निस्तरला आहे. ती त्याला नुसते 'मांगचा' म्हणतात. फलंदाजाच्या मागे असतो तो मागचा. व्याकरणाची कटकट नाही.

इंझोरी हे माझे गाव. मानोरा तालुक्यातले. माझ्या लहानपणी ते अकोला जिल्ह्यात होते. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि गाव जागच्या जागी राहून आमचा पत्ता बदलला. नोकरीमुळे मी शहरात असतो, पण दिवाळीला गावी गेल्याशिवाय सण झाल्यासारखे वाटत नाही. त्या दिवसांत सोयाबीन निघून गेलेले असते, वावरे मोकळी झालेली असतात, आणि त्या मोकळ्या वावरात पोरांचे क्रिकेट उभे राहते. तीन तुऱ्हाट्या रोवल्या की झाल्या यष्ट्या. मागे उभे राहायला सहसा कुणी तयार नसते. म्हणून ती जागा सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत गरीब स्वभावाच्या मुलाकडे जाते.

माझा पुतण्या असाच मागे गेला. वय वर्षे चौदा. आधी कुणी दुसरा नव्हता म्हणून उभा राहिला, मग त्याला ती जागाच आवडू लागली. शाळेच्या संघात गेला, तालुक्याला खेळला, जिल्ह्याला खेळला. तिथे एका प्रशिक्षकाने त्याला सांगितले, "हात चांगले आहेत तुझे. पण नुसत्या किपिंगवर कुणी घेत नाही. बॅट चालली पाहिजे." झाले! तेव्हापासून पोरगे उदास. शिकवणीसाठी अमरावतीला पाठवावे की नाही, हा घरात प्रश्न. आणि गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी तो प्रश्न दादांनी माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

"तू त कॉलेजात पोट्टे शिकोतं. सांग बरं याले, मांगं बसून काय भेटते? ब्याटिंगवाल्याचं नाव होते, बॉल टाकनाऱ्याचं नाव होते. याचं काय होते?"

पुतण्या खाली मान घालून म्हणाला, "काका, मांगं उभा राह्यलो का मले समदं दिसते."

मला हे उत्तर फार आवडले. पण दादांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. मला क्रिकेटचे जुने इतिहास चाळण्याचा नाद आहे, तो अशा वेळी उपयोगी पडतो. मी त्यांना दत्ताराम हिंदळेकरांची गोष्ट सांगितली.

हिंदळेकर मूळचे रत्नागिरीकडचे, शेतकऱ्याचे पुत्र. मुंबईत बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी आणि सुटीत क्रिकेट. १९३६ साली भारतीय संघाबरोबर ते इंग्लंडला गेले. लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांनी यष्टिरक्षण तर केलेच, शिवाय विजय मर्चंटांबरोबर सलामीलाही गेले. पहिल्या डावात या जोडीने ६२ धावा केल्या, त्यांत हिंदळेकरांच्या २६. भारताचा सारा डाव १४७ धावांत आटोपला, यावरून त्या ६२ धावांची किंमत समजावी. दुसऱ्या डावात संघ ९३ धावांत कोसळला, तेव्हाही यांच्या १७ होत्या. पण बोटाला दुखापत झाली आणि ते पुढच्या कसोटीला मुकले. मँचेस्टरला मर्चंटांच्या जोडीला सलामीसाठी गेले मुश्ताक अली. दोघांनी शतके ठोकली, २०३ धावांची भागीदारी केली, आणि ती जोडी अजरामर झाली. एकाचे बोट दुखावते आणि दुसऱ्याचे दार उघडते, हा खेळाचा नियमच आहे. त्यात कुणाचा दोष नाही.

मग महायुद्ध आले. १९३६ नंतर भारताची पुढची कसोटी उजाडली ती थेट १९४६ साली. सत्तावीस वर्षांचे हिंदळेकर सदतीस वर्षांचे झाले होते. तरीही इंग्लंडच्या दौऱ्यावर तिन्ही कसोट्यांत यष्टींमागे तेच उभे राहिले.

त्यांतली दुसरी कसोटी मँचेस्टरची. लॉर्ड्सला आपण हरलो होतो. इथे जिंकायला २७८ धावा हव्या होत्या, आणि अ‍ॅलेक बेडसर नावाचा पहाड समोर होता. त्याने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. भारताचे नऊ गडी बाद झाले तेव्हा वेळ उरला होता तेरा मिनिटांचा. खेळपट्टीवर रंगा सोहोनी, आणि अकराव्या क्रमांकावर आले हिंदळेकर. एके काळी लॉर्ड्सवर सलामीला गेलेला माणूस आता सर्वांत शेवटी आला होता. सगळे क्षेत्ररक्षक भोवती कोंडाळे करून उभे. एक चूक आणि सामना संपला. पण ती चूक झाली नाही. तेरा मिनिटे दोघे टिकले. भारत ९ बाद १५२. सामना अनिर्णित.

दादा शेतकरी माणूस. संध्याकाळी ढग भरून आलेले असताना उघड्यावरचा माल झाकायला किती मिनिटे लागतात आणि ती मिनिटे केवढी असतात, हे त्यांना सांगावे लागत नाही. ते सावरून बसले.

मग मी त्यांना पुढचेही सांगितले, कारण गोष्ट अर्धी सांगून पोराला फसवणे बरे नव्हे. हिंदळेकरांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका ओळीत मावते: ४ कसोट्या, ७१ धावा, ३ झेल. मँचेस्टरनंतर तीन वर्षांच्या आत, ३० मार्च १९४९ रोजी, अवघ्या चाळिशीत ते मुंबईत वारले. पुरेसा औषधोपचार त्यांच्या वाट्याला आला नाही. देशासाठी दोनदा साता समुद्रांपलीकडे जाऊन आलेला हा माणूस.

घरात क्षणभर कुणी बोलले नाही.

मी विषय जरा पुढे नेला. जगभर या जागेची हीच ओढाताण आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज डकवर्थ हा फार नावाजलेला यष्टिरक्षक. १९३६ च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडच्या यष्टींमागे तोच होता. पण त्याच काळात लेस एम्स निपजला. त्याने ४७ कसोट्यांत ८ शतके काढली, प्रथम दर्जाच्या सामन्यांत शंभराहून अधिक शतके काढली, आणि १९३२ च्या एका मोसमात ६४ फलंदाज यष्टिचीत केले. दोन्ही हातांत दोन कला! असा माणूस मिळाल्यावर इंग्लंडने डकवर्थपेक्षा त्याला अधिक खेळवले. आपल्याकडे नरेन ताम्हाणे यांचे हात म्हणजे लोणी. पाकिस्तानविरुद्धच्या १९५४-५५ च्या पहिल्याच मालिकेत त्यांनी १९ बळी टिपले. पण २१ कसोट्यांत धावा २२५. त्यामुळे कधी नाना जोशी, कधी बुधी कुंदरन, अशी त्या जागेची अदलाबदल चालूच राहिली. याच्या उलट १९८८ साली मद्रासला नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १६ बळी घेतले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्याच सामन्यात बडोद्याच्या किरण मोरे यांनी ६ फलंदाज यष्टिचीत केले, त्यांतले ५ एकाच डावात, हे किती जणांना आठवते?

"आणि श्रम किती म्हणाल," मी दादांना म्हटले, "दिवसाला नव्वद षटके धरा. म्हणजे पाचशे चाळीस चेंडू. म्हणजे पाचशे चाळीस उठबशा!"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर न करता म्हटले, "भाऊजी, आमी निंदाले बसतो त यापरीस जास्त होतेत. कोनं लिहून ठेवल्या?"

यावर मराठीच्या मास्तराने काय बोलावे? मी निबंधाला चांगला मुद्दा मिळाला म्हणून गप्प बसलो. दादा मात्र हसले. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता.

"त्या तेरा मिनिटात त्यानं रन किती काढले?"

"चार. नाबाद चार."

"मंग बाकीचं कुठी लिहिलं हाये?"

मी विचार करून म्हटले, "निकालात, दादा. त्याच्या नावापुढे नाही. खाली जिथे 'सामना अनिर्णित' असे लिहिले आहे तिथे. ते सगळ्या संघाच्या नावावर आहे."

त्या दिवशी पोराला मी जे सांगितले ते असे: प्रशिक्षक खोटे बोललेले नाहीत. बॅट चालली पाहिजे. आज तर अधिकच. अमरावतीचा जितेश शर्मा यष्टिरक्षक आहे. २०२३ साली आशियाई खेळांत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. पण २०२५ च्या मे महिन्यात लखनौला ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या, तेव्हा त्याचे नाव घरोघर गेले. त्याच वर्षी विदर्भाने रणजी करंडक जिंकला तो अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली, आणि तोही यष्टिरक्षक-फलंदाज. तेव्हा रोज तासभर बॅट घेऊन घाम गाळ. संघात घेतील ते तुला धावांसाठी. पण एकदा घेतले, की दिवसाकाठी तू जे करशील त्यातले बहुतेक कुणी लिहून ठेवणार नाही. ते सोसणार असेल तरच मागे उभा राहा. नसेल तर लाँग-ऑनला जागा मोकळी आहे.

पोरगे म्हणाले, "मले दिसते न काका, तेवढं पुरे."

दादांनी हिशेब केला. कापसाचे चुकारे आले की किपिंगचे चांगले मोजे घ्यायचे आणि उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने अमरावतीला पाठवायचे. पुढचे पुढे. यंदा जूनमध्ये पोरगे परत आले ते बोटाला पट्टी बांधून आणि बॅटीचा नवा पवित्रा शिकून. त्याची निवड कुठे होईल, होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. ज्योतिष हा माझा विषय नव्हे.

मला एवढेच वाटते, की एकाहत्तर धावांचा माणूस म्हणून हिंदळेकरांना मोजणे म्हणजे मिठाच्या किमतीवरून आमटी जोखणे आहे. आकडे खोटे नसतात. ते फक्त अपुरे असतात. आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादे माणूस असे असते की ज्याच्या नावापुढे चारच धावा दिसतात, आणि ज्याच्यामुळे सामना हरायचा राहिलेला असतो. या दिवाळीत फराळाचे ताट समोर आले, की त्या माणसाकडे एकदा नीट पाहावे. धावफलकाने केले नाही ते काम घरच्यांनी करायला हरकत नाही.